चार बोटांचा चेहरा

३ तारीख, सोमवार

आणि वर तो मोबाइलचा दुकानदार मलाच म्हणतो, मावशी, हा मोठा फोन म्हणजे टॅब्लेटच समजा! का समजू? डोळे फुटलेत का माझे? सात इंची सांगून गळ्यात मारला. घरी येऊन टेप लावली. रुंदीला तीनसुद्धा भरत नाही, उभा साडेसहाच्या आत. तशीच परत गेले. तर म्हणे पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. जन्म गेला माझा लाँड्रीत लोकांचे कपडे अल्टर करण्यात. तिरकं माप घेऊन पॅन्ट शिवली असती तर गिऱ्हाइकाने मला उभी चिरली असती.

दुकानदार म्हणाला, महिनाअखेरपर्यंत वापरा, नाही पटला तर आणून द्या. तक्रारी तारीख घालून लिहून ठेवा. ठेवते. शिक्षण चौथी, पण तक्रारीला तेवढं पुरतं.

५ तारीख, बुधवार

पहिली तक्रार. जुना टॅब्लेट लेकीने दिला होता, नोकरीला लांब गेली तेव्हा. दर रविवारी एक वाजता मी तो टेबलावर उभा करायचे. ती तिकडे ताट घेऊन बसायची, मी इकडे. वीतभर चेहरा दिसायचा पोरीचा. मागच्या महिन्यात तो बंद पडला तो पडलाच. लेक म्हणाली, आता मोठाच फोन घे, दोन्ही कामं होतात. या फोनवर तिचा चेहरा चार बोटं. आडवी बोटं लावून मोजला.

शेवटी शेवटी ती अर्ध्या ताटावरून उठायची म्हणा. पण तो टॅब्लेटचा दोष. मधेच अडकायचा मेला. कोणीही कंटाळेल.

९ तारीख, रविवार

फोन पाण्याच्या जगला टेकवून जेवायला बसले. घसरला आणि सरळ ताटात. धुऊन पुसून पुन्हा लावला, तर तिकडे लेकीला नुसता पंखा दिसत होता. म्हणाली, आई, पंख्याला जळमटं लागलीत गं. खूप हसली. मीही हसले. मग म्हणाली, चल, ठेवते.

पडदा आखूड म्हणून बोलणं आखूड. दुसरं काही नाही. जळमटं काढली नाहीत, ती तक्रार माझी मी बघेन.

११ तारीख, मंगळवार

लाँड्रीतल्या तारेच्या हँगरला पकडीने पीळ देऊन स्टँड केला. फोन ताठ उभा राहतो. मालक म्हणाला, बाई, हँगर कपड्यांसाठी असतात. म्हटलं, काम झालं की सरळ करून देते, रडू नका.

लेकीला लावून बघितला. फक्त स्टँड तपासायला. मीटिंगमध्ये होती. मला तरी कुठे बोलायचं होतं?

दुपारी परत तपासला. चहाच्या सुट्टीत एकदा. दिवे लावताना एकदा, उजेडाचा फरक कळावा म्हणून. शेवटी तिचा मेसेज, आई, काही झालंय का? म्हटलं, मला काय धाड भरलीय, पडदा बघतेय. तिने अंगठा पाठवला.

अंगठा मात्र या फोनवर चांगला मोठा दिसतो. खरं ते लिहावं.

१४ तारीख, शुक्रवार

सिद्ध झालं! मालकाच्या बिलांच्या टॅब्लेटवरून लेकीला लावला आणि तिने एका रिंगमध्ये उचलला. केस नीट, आवाज गोड, हॅलो सर म्हणाली. पडद्यावर माझं तोंड बघून म्हणाली, अगं, तू होय! हा कोणाचा नंबर? नंतर करते हं.

नंतर काही आला नाही. पण एका रिंगमध्ये! शेवटी टॅब्लेट तो टॅब्लेट. मालकाचं म्हणणं, अनोळखी नंबर बघून उचलला असेल. बटणं तुटलेली शर्टं सोडून याला कशातलं कळतं?

निश्चय: फोन परत, टॅब्लेट घरी.

१६ तारीख, रविवार

सकाळीच लेकीचा मेसेज. ऑफिसचं काम आलंय, आज जेवायला बसत नाही. बरंच झालं, दुकानात जायला वेळ मिळाला. जेवण झाकून ठेवून गेले.

दुकानदाराला म्हटलं, यात चेहरा लहान दिसतो, घ्या तुमचं खेळणं. तो म्हणाला, मावशी, मोठाच पाहिजे ना? भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दाखवतो, लावा कोणालाही. लेकीला लावला. तिसऱ्यांदा उचलला.

भिंतभर चेहरा! तीळसुद्धा दिसला हनुवटीवरचा. तोंडात घास होता. घाईघाईने गिळला आणि म्हणाली, काय गं आई, काम होतं का? पुढ्यात ताट, अर्धं संपलेलं. पलीकडे अजून एक ताट. पाण्याचे दोन ग्लास.

चार बोटांत यातलं काही दिसलं नसतं.

म्हटलं, काही नाही, तू जेव. ती म्हणाली, नंतर करते. ही एवढी मोठी, आणि बोलली तेवढंच.

दुकानदार खुशीत. बघा मावशी, किती क्लिअर! म्हटलं, हो रे बाबा, जरा जास्तच. फोन पिशवीत घालून घरी आणला.

१७ तारीख, सोमवार

फोन ठेवून घेतला. टॅब्लेट नको. यापेक्षा मोठं काहीच नको.

लेकीला मेसेज टाकला. तक्रारच आहे, म्हणून इथे उतरवते:

काल समोर कोण जेवत होतं ते मी विचारत नाही. त्यांनाही बसव. फोन लहान आहे, पण दोघंही मावाल, दोन दोन बोटं येतील वाट्याला. तू आधी जेवली असशील तर नुसतं पाणी पीत बस. कामाच्या थापा मारू नकोस, मला जेवण झाकून ठेवावं लागतं. येत्या रविवारी एक वाजता बसणार की नाही, शनिवारपर्यंत सांग. हो तर हो, नाही तर नाही. नुसता अंगठा पाठवू नकोस. मालक हँगर मागतोय, सरळ करून द्यायचा की राहू द्यायचा ते मला कळलं पाहिजे.