मांजर बोटीएवढं नाही

तीर्थरूप मामांना तारापूरहून जावई एकनाथचा नमस्कार. मामींच्या गुडघ्याला आराम असेल, हंसा आणि बाळ खुशाल असतील, असं धरून चालतो. (विचारायची सोय नाही. फोन लावला की "मांजर मेला का?" एवढंच विचारून तुम्ही ठेवून देता.) तोंडावर सांगितलं असतं, पण चारचौघांत तुमची नजर चुकली म्हणणं जावयाला शोभत नाही. म्हणून हे पत्र.

मामा, मांजर रानात राहिलं म्हणून वाघाएवढं होत नाही. आमचं हे कुंभवलीच्या कारखान्यांमागच्या झुडपांतून येतं, ते बोंबील सुकत घातले की. अंगाने जरा जास्तच भरलेलं आहे, हे मान्य. पण खरा घोळ ललितच्या फोटोने केला. (ललित म्हणजे माझा चुलतभाऊ, बोईसरला कामाला जातो आणि कामापेक्षा फोटो जास्त काढतो.) फोटोत मांजर बोटीवर झोपलंय, डोकं पुढच्या टोकाला नाळेवर, शेपटी मागे केबिनवर. तुम्ही जन्मभर तांडेल म्हणून जी दर्यात नेलीत तीच बोट, तोच निळा रंग, तोच नंबर. तुम्ही अख्ख्या सातपाटीला फोटो दाखवलात आणि म्हणालात, "बोट मी वलकतो! मांजर वाघापरीस मोटा हाय. पोरीला नाय पाठवनार." बोट तुम्ही बरोबर ओळखलीत, त्याबद्दल वादच नाही. फक्त ती दीड हाताची आहे. बाळाला खेळायला मी सागाच्या लाकडातून कोरली, नंबरासकट. रंग वाळायला ओट्यावर ठेवली, तर मांजर वर चढून झोपलं. (त्याच्या पोटावर अजून निळा पट्टा आहे.)

पुरावा म्हणून त्याला कडेवर घेऊन फोटो काढायला गेलो, तर त्याने हात ओरबाडला. बोईसरला जाऊन इंजेक्शन घेतलं. तुमच्याकडे बातमी पोचली ती "वाघाने जावयाला फाडलं" अशी.

मामा, तिकडे आलो की मुलगी घटकाभर मांडीवर मिळते, पाहुण्याला चहा मिळावा तशी. रडली की लगेच काढून घेतात. मला तिची फार आठवण येते हो. हंसाचीही.

आपला,
एकनाथ

ता. क. मांजर काल एकदम लहान झालं. म्हणजे व्यालं. तेव्हा ते मोठं होतं हे तुमचं म्हणणं खरं, पण त्यात रानाचा काही संबंध नव्हता.

आणखी एक. पिल्लं जुन्या जाळ्यांच्या ढिगात आहेत. माझी आई त्या बाळंतिणीला रोज ताजी मांदेली घालते. मी जवळ गेलो की ती फिसकारते. तिच्या पिल्लांना ती मला हात लावू देत नाही, आणि माझ्या मुलीला तुम्ही. रविवारी रिक्षा घेऊन येतो.