वरची चार बोटं माती

आई,

आज तात्यापाऱ्यातलं घर रिकामं केलं. तू गेलीस तेव्हा रायपूर नुसतं जिल्ह्याचं गाव होतं. आता राजधानी झालंय, आणि घरमालकाला आपल्या जागी दुकानं काढायचीत. बाबांना मी नव्या रायपुरातल्या माझ्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं, तर ते हटून बसले. गच्चीवरचे तुझे माती भरलेले तेलाचे पिपे येतील तरच मी येईन, म्हणाले. काल जेवलेच नाहीत. सामान बांधून माझी कंबर गेलेली, सुट्टी संपत आलेली. माझी पोरगी त्यांना समजावत होती, "नानाजी, मिट्टी तो वहाँ भी मिल जाएगी." बाबा म्हणाले, "मिट्टी भेटन वो. वावर भेटन का?"

वर्ध्याकडचं ते वावर काकांनी विकलं, त्याच्या आधी बाबा दर दिवाळीला तिथली काळी माती पोत्यात भरून पॅसेंजरने आणायचे. इथल्या लाल मातीला ते माती म्हणायलाच तयार नव्हते. कुंड्या घ्यायची आपली ऐपत नव्हती, म्हणून तू ती काळी माती पिप्यांत भरून अंबाडी लावायचीस. शेतात सोनं पिकवणारी माती, पण पिप्यात कोंडली की उन्हाळ्यात दगड आणि पावसात चिखल. मुळं कुजून जायची. एकदा जेवताना मी ते बोलून दाखवलं. बाबांचा घास हातातच राहिला. तू मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलंस. "काहून बोलून राहिली त्याईच्या समोर? तोंडाले काही लगाम हाय का नाही?" मला भयंकर राग आला होता तुझा. खरंच तर बोलले होते मी. पुढच्या पावसाळ्यात मात्र अंबाडी कमरेएवढी झाली. बाबांनी मला पिप्याजवळ उभं केलं, "पाय, याले म्हणते वावराची माती!" तू खाली निघून गेलीस.

पिप्यांची बुडं आता गंजून गळून पडतायत. म्हणून रंगाऱ्याकडून रिकाम्या बादल्या मागून आणल्या, तापलेल्या सळईने त्यांना भोकं पाडली आणि पहिला पिपा उलटा केला. वर चार बोटं काळी माती. तिच्याखाली खताच्या पोत्याचा गोल कापलेला तुकडा, त्याला तुझ्या विणायच्या सुईची भोकं. आणि त्याखाली सगळी इथलीच लाल माती, नारळाच्या शेंड्या, कुजलेला पाला. दुसरा पिपा तसाच, तिसराही तसाच. तुझ्या भोकांतून मुळं खाली गेली होती. मी तिथेच गच्चीवर बसले आणि रडले. इतकी वर्षं मी तुला बाबांना भिणारी बाई समजत होते गं.

बाबा जिन्यातून ओरडले, "माती सांडू नको वो पोट्टी!"

"नाही सांडत, बाबा."

मग मीही तसंच भरलं. खाली लाल माती, भाजीची सालं, तुझे ते तुकडे आणि वर काळी. संध्याकाळी नव्या बाल्कनीत बाबांनी बादलीत बोट दाबून पाहिलं. "हव, आपलीच हाय," म्हणाले, आणि वरण-भात मागितला.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. बाबा चष्मा लावून रद्दीसुद्धा वाचतात. फाडण्याआधी एक सांगून टाकते. काळी माती शेवटच्या बादलीला पुरली नाही. तिच्यात वरूनही लालच आहे, चहाचा चोथा कालवून काळी केलेली. बाबांनी बोट दाबलं ते तिच्यातच.