रोशेलच्या काळ्या कोटाची चौकशी

जॅक्सन, मिसिसिपी
१२ मार्च

प्रिय ओडेसा,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मीठ कमी केलंस असं लिहू नकोस. माझा विश्वास बसणार नाही. मी ठणठणीत आहे, निदान संशय घेण्यापुरती तरी.

विषय तुझ्या रोशेलचा. तू लेकीला डॉक्टर व्हायला इथल्या आपल्या काळ्या लोकांच्या कॉलेजात घातलंस आणि राहायला माझ्याकडे ठेवलंस. गेले दोन महिने ती मंगळवारी आणि शनिवारी काळा कोट, पांढरे हातमोजे घालून बाहेर पडते, आणि एक लांबलचक काळी गाडी तिला न्यायला येते. फोनवर हळू आवाजात म्हणते, "तुम्ही फक्त बसा, बाकी आम्ही पाहू." (अभ्यासाबद्दल असं कुणी बोलत नाही.) आधी मला एखाद्या पुरुषाचा संशय आला, मग एखाद्या पंथाचा. गेल्या शनिवारी मी हॅट चढवली आणि टॅक्सीने तिचा पाठलाग केला.

गाडी एका चर्चपाशी थांबली. आत हॉलिस नावाच्या गृहस्थांचा अंत्यविधी होता. माझी भारी हॅट पाहून मी घरातलीच वाटले असणार, कुणीतरी मला थेट घरच्यांच्या बाकावर नेऊन बसवलं. नातेवाईक दोन-दोन मिनिटं बोलत होते. पाद्रीबाबांनी मलाही उठवलं. काहीतरी बोलणं भाग होतं. गृहस्थ फार वक्तशीर होते, असं मी सांगून टाकलं. (निम्मं चर्च हसलं. स्वतःच्या लग्नालाही ते दोन तास उशिरा पोचले होते म्हणे.) पुढे शवपेटी बंद करताना त्यांची बायको कोसळली. चार धिप्पाड पुतण्यांना आवरेना. रोशेलने नुसता बाईंचा कोपर धरला, कानात काहीतरी सांगितलं, आणि त्या उठून बसल्या. ईस्टरला चर्चमध्ये दोन ओळी म्हणायच्या असल्या की माझ्या स्कर्टमागे लपायची, तीच ही मुलगी!

घरी आल्यावर उलटतपासणी घेतली, तेव्हा कळलं, ती अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या एका पेढीत काम करते. मेलेल्यांची व्यवस्था लावायला कॉलेज कशाला, असं विचारलं.

"मावशी, मेलेल्यांचं काही नसतं गं. सांभाळायचं असतं ते जिवंतांना."

"आणि डॉक्टरकी?"

"ती आईला हवीय. वर्गात मला हात वर करायची भीती वाटते. इथे लोक माझी वाट बघत असतात."

दुसऱ्या दिवशी त्या पेढीचे मालक, मिस्टर पर्विस, स्वतः घरी आले. पोरीला या कामाचं रीतसर शिक्षण घेऊ द्या, पुढे ती माझी जागा चालवेल, म्हणाले. माणूस इतका गोड बोलतो, की मला संशय आला आणि मी केक कपाटातच ठेवला. पण ओडेसा, जरा आठव. पप्पा सत्तरीचे झाले तरी गावातले गोरे त्यांना "ए जो" म्हणूनच हाक मारायचे. चारचौघांत "मिस्टर" पहिल्यांदा म्हणाले ते आपल्यातलेच, याच पर्विसचे वडील; पप्पांचा अंत्यविधी त्यांनीच पाहिला, म्हणजे तेही पप्पा पेटीत असताना.

मी अजून कुणाच्याच बाजूची नाही, हे लक्षात घे.

तुझी थोरली बहीण,
लव्हिनिया

ता. क. : येत्या शनिवारी रोशेल तुझ्याकडे येते आहे, हेच सगळं सांगायला. तुला काही ठाऊक नाही असं दाखव, आणि मध्येच तोंड घालू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा : रोज जेवणानंतर ती माझ्यासमोर सराव करते. मी "तू" बनते. दोनदा तुझ्याच आवाजात ठणकावून नाही म्हटलं, ती रडली. तिसऱ्यांदा रडली नाही. खुर्ची ओढून जवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. तेव्हा तुझ्या वतीने मी होकार देऊन बसले आहे. आता तो फिरवू नकोस.