ज्याचं शिक्षण त्याची खुर्ची

३ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून सूड. ठरलं म्हणजे ठरलं! तर्कशास्त्रात एम.ए., प्रथम श्रेणी, आणि करतो काय? खोक्यांना चिकटपट्टी लावतो. वर हुकूम सोडायला तो सुपरवायझर. प्रत्येक खोक्यावर दोन थापा मारतो, कान लावतो आणि म्हणतो, आत पोकळ आहे, परत भरा. काल माझी नऊ खोकी परत केली मेल्याने. शिकलेला माणूस निदान उघडून तरी बघेल. त्याचं नाव थापाड्या ठेवलंय.

४ जानेवारी
मालकांना अर्ज लिहायला घेतला. मागणी एकच: गोदामात ज्याचं जसं शिक्षण, त्याला तसं काम. नियम झाला की थापाड्याची खुर्ची माझी. मग त्याची खोकी मी परत करीन. रोज. कारण न सांगता.
बायको म्हणते, आधी नोकरी पक्की तर होऊ दे. तिला दूरदृष्टी नाही.

८ जानेवारी
अर्ज अकरा पानी झाला. दिला.

९ जानेवारी
पदवी फ्रेम करून पॅकिंग टेबलाच्या वर टांगली. थापाड्याची बोबडी वळायला हवी होती. त्याने फ्रेमवरच दोन थापा मारल्या आणि म्हणाला, मागचा पुठ्ठा ढिला आहे. झाडणाऱ्या मावशी बराच वेळ बघत उभ्या होत्या. वाचता येत नसावं बिचारीला. मी मोठ्याने वाचून दाखवली. छान हो, म्हणाल्या आणि पुढे झाडू लागल्या.

१२ जानेवारी, दुपारी
जिंकलो! मालकांना नियम मान्य. सोमवारी सगळ्यांनी आपापले कागद आणायचे. थापाड्याला मुद्दाम विचारलं, आहेत ना तुमचे? म्हणाला, माळ्यावर असतील, बघतो. माळ्यावर! हसून हसून पोट दुखलं.
जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. जरा टोचते. घरून उशी नेईन.

१५ जानेवारी
थापाड्या पीएच.डी. निघाला. विषय ध्वनी. बंद वस्तूवर मारल्यावर कसा आवाज येतो, यावर चारशे पानं. खुर्ची कायम.
मावशी दोनदा एम.ए. वर बी.एड. त्यातलं एक तर्कशास्त्र, सुवर्णपदकासकट. माझं टेबल त्यांना.
राहिला झाडू. मालक म्हणाले, तुमच्याच नियमाने चाललोय, पान चार.
बायकोला सांगितलं, बदली झाली. कुठे, म्हणाली. म्हटलं, सगळ्या गोदामभर.
याचा सूड घेणार. कुणावर, ते ठरायचंय.

१७ जानेवारी
नवा अर्ज लिहिला. मागणी एकच: शिक्षण बघून काम देणं हा घोर अन्याय आहे. मालक म्हणाले, आता तुमचे अर्ज मावशींमार्फत यायचे. दिला. मावशींनी चिकटपट्टी बाजूला ठेवून, चष्मा लावून वाचला. तिसऱ्याच ओळीत तर्काची चूक काढली आणि म्हणाल्या, परत लिहून आणा.