गिरणीच्या थांब्याचं तिकीट

१२ जून

चि. सौ. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईइतका नाही. हेही पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावरच पाठवतो. घरी आलेली पत्रं पोस्टमन हरवतो असं तू सांगितलंस. एकोणतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासताना मी नाही नाही त्या सबबी ऐकल्या, पण पोस्टमनवर ढकललेली ही पहिलीच. असो. कवळ्या बनवणाऱ्या तुझ्या कारखान्यात तरी पत्र पोचतंय, हे काय कमी आहे.

परवाच्या रविवारी तू आलीस, बरं वाटलं. पण नऊ आठवड्यांनी आलीस. पूर्वी दर पंधरा दिवसांनी यायचीस. तुझं म्हणणं असं की दोन वर्षांत तीनदा भाडं वाढलं, सकाळची थेट गाडी बंद झाली आणि उरलेल्या गाड्या आल्या तर आल्या. मला हे कळत नाही असं नाही. आमच्या गल्लीतही लोकांचं जाणं-येणं पार बदललंय. समोरचा शिंपी बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला जायचा. आता तो एकटाच जातो, तेही सासू अंथरुणाला खिळली असं कळलं तरच. शेजारच्या शिक्षिकाबाई लग्नाचा आहेर ड्रायव्हरच्या हाती पाठवतात आणि फोटो मागवून घेतात. थोरल्या मुलाकडे जायचं म्हणून मागच्या घरातले आजोबा चार दिवस आधीपासून चौकशा करतात आणि पाचव्या दिवशी पिशवी रिकामी करून पुन्हा खुंटीला लावतात.

पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दोन तारखेला तिकडच्या स्टँडवर तीन तास थांबलीस, गाडी आलीच नाही, म्हणून परत गेलीस, असं तू म्हणालीस. मी आपला पाय मोकळे करायला आपल्या स्टँडवर गेलो आणि वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत बसून नोंदवही चाळली. जुन्या माणसाला तिथे कोणी हटकत नाही. त्या दिवशीची गाडी इथे आल्याची नोंद आहे. वेळेवर आल्याची.

आता मुद्द्याचं. आईला औषधाची चिठ्ठी द्यायला तू पर्स उघडलीस, तेव्हा तुझं तिकीट खाली पडलं. मी सवयीनं उचललं आणि सवयीनंच वाचलं. तू शहरातून चढतेस, म्हणजे त्यावर टप्पा एक हवा. होता चौदा. चौदा म्हणजे गिरणीचा थांबा, बरोबर अर्धी वाट. ही युक्ती मला नवी नाही. शहरात चढायचं, गर्दीत गप्प बसायचं आणि गिरणी मागे पडली की कंडक्टरला म्हणायचं, आत्ताच चढले. अर्ध्या पैशात पूर्ण प्रवास. चांगल्या घरची, इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं मी या एका युक्तीवर खाली उतरवली आहेत.

आईसमोर बोललो नाही. तुझ्याकडे बघून चहा पीत राहिलो, तो मला कडू लागला. भाडं परवडत नसेल तर तसं सांगायचं होतंस, मी काही परका नाही. पण तिकीट तपासनिसाच्या मुलीनं असं करावं?

आणखी एक. जावईबापू गेले कित्येक महिने फोनवर येत नाहीत. विचारलं की तू म्हणतेस, अंघोळीला गेलेत. कुठलाही माणूस इतक्या वेळा अंघोळ करत नाही. त्यांना माझा कशाचा राग आला असेल तर कळू दे.

खरं काय ते लिही.

तुझा,
बाबा

३ जुलै

चि. सौ. खारूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की चिठ्ठी, ते तूच ठरव. ‘बाबा, मी जिथून चढले तिथून पूर्ण तिकीट काढलं होतं.’ एवढंच. ना आईची विचारपूस, ना खाली नाव. मी ते वाक्य दिवसातून चार वेळा वाचतो. जिथून चढले तिथून, म्हणजे कुठून? असली घोटून लिहिलेली वाक्यं मी जबाबात वाचली आहेत. त्यात खोटं काही नसतं, पण खरंही हाताला लागत नाही.

इकडे तुझ्या आईनं माझ्याशी बोलणं जेवणापुरतं ठेवलंय. तुला मी काय लिहिलं ते तिला कसं कळलं, हे मी विचारलेलं नाही. उत्तर मिळालं असतं असंही वाटत नाही.

तिचंही काहीतरी चाललंय, सांगून ठेवतो. दर दुसऱ्या शनिवारी ती गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते. गुडघ्याचा डॉक्टर आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे. ही मात्र कोपऱ्यावरून शेअर गाडी पकडते, दाटीवाटीनं बसून पुलापर्यंत जाते आणि तिथून बस घेते. एका दमात जाणारी गाडी आता महाग पडते म्हणे, असं तुकड्यातुकड्यानं जाणंच परवडतं. मी म्हटलं, मी येतो सोबत. तर म्हणाली, ‘दोघांचं भाडं कशाला घालवायचं?’ इतकी काटकसर तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच केली. आणि मागच्या शनिवारी तिच्या पिशवीत दोन चादरी, एक झारा आणि लोणच्याची बरणी होती. डॉक्टरला झारा कशाला लागतो, मला सांग.

मी असा संशयी का झालो, असं तू लहानपणी विचारायचीस. संशयी नव्हतो गं, तो माझा पगार होता. साठ जणांच्या गाडीत एक जण खोटा असतो आणि तो शोधायचा तर साठही जणांकडे त्याच नजरेनं बघावं लागतं. घरी आल्यावर ती नजर टोपीसारखी काढून ठेवता आली नाही, हे कबूल करतो.

तेव्हा ठरवलंय. येत्या गुरुवारी मी स्वतः शहराकडे निघतो. निवृत्तांचा सवलतीचा पास आता शनिवार-रविवारी चालत नाही, म्हणून गुरुवार. गाड्यांची अवस्था खरंच तू म्हणतेस तशी आहे का ते डोळ्यांनी बघतो, आणि जमलं तर तुझ्या घरी येऊन जावईबापूंची अंघोळ झाली का तेही बघतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझा,
बाबा

१४ जुलै

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

गुरुवारी सकाळी साडेसातला स्टँडवर गेलो. साडेसातची गाडी आली नाही. साडेआठचीही आली नाही. मी नियंत्रकाच्या खोलीत डोकावलो, तर तो पठ्ठ्या नोंदवहीत साडेसातच्या गाडीसमोर ‘वेळेवर’ असं लिहीत होता. मी म्हटलं, ‘अरे, गाडी कुठाय?’ तर म्हणाला, ‘साहेब, न आलेली लिहिली तर वरून कागद येतो. कोण उत्तरं देत बसणार?’ म्हणजे त्या दोन तारखेला तू तीन तास उभी होतीस आणि मी वहीवर विश्वास ठेवला. आयुष्यभर माणसांवर संशय घेतला, कागदावर कधी घेतला नाही.

सव्वानऊला एक गाडी आली. माझ्या सीटला पाठ नव्हती, नुसती लोखंडी पट्टी होती. खिडकी सुतळीनं बांधलेली. भाडं ऐकून एक बाई चढलेली उतरली. कंडक्टर आमचा घोगरा निघाला, ज्याचा आवाज ऐकून तू लहानपणी माझ्यामागे लपायचीस तोच. पुढच्या वर्षी तोही निवृत्त होईल. मला बघून त्यानं जागा करून दिली आणि सहज म्हणाला, ‘साहेब, तुमची लेक रोज असते माझ्या गाडीला. गिरणीच्या थांब्यावर चढते, कामाला शहरात जाते, साडेपाचला परत तिथेच उतरते. दीड वर्ष झालं की. मासिक पास वाढला तेव्हा तिची काय तारांबळ झाली होती.’ मग माझा चेहरा बघून तो पुढच्या सीटची तिकिटं फाडायला निघून गेला.

मी गिरणीच्या थांब्यावर उतरलो. तिथे काय काय आहे ते मला आता पाठ आहे, कारण बाकावर मी सात तास बसलो. सायकल दुरुस्तीचं दुकान, बंद गिरणीची भिंत, औषधाचं दुकान आणि त्यावर तीन खोल्या. मधल्या खोलीच्या दोरीवर आपल्या घरातली निळी चादर वाळत होती. मग मला शनिवारचा गुडघ्याचा डॉक्टर कळला.

पावणेसहाला तू उतरलीस. औषधवाल्याची बायको काहीतरी म्हणाली आणि तू हसलीस. जिना चढताना मागे वळून पुन्हा काहीतरी बोललीस आणि पुन्हा हसलीस. मी रस्त्याच्या पलीकडे होतो, वीस पावलांवर. हाक मारणार होतो. पण मला बघितल्यावर ते हसू जाईल, अशी माझी खात्री होती. मी मागे फिरलो आणि मिळेल त्या गाडीनं घरी आलो.

आईला विचारलं. तिनं लपवाछपवी केली नाही. म्हणाली, ‘हो, तिनं घर सोडलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.’ मी म्हटलं, ‘मग मला का नाही सांगितलंस?’ ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तुम्ही तिला परत गाडीत बसवून दिलं असतं. मागच्यासारखं.’

मागच्यासारखं. चार वर्षांत या घरात कोणी तो विषय काढला नव्हता. मीही काढला नाही, आणि भाड्याबद्दल, टप्प्यांबद्दल, अंघोळीबद्दल पानंच्या पानं लिहीत राहिलो. तू येईनाशी झालीस ती भाडं वाढल्यामुळे की माझ्यामुळे, हा प्रश्न मला टाळायचा होता. भाडं खरंच वाढलं, ही माझी सोय झाली. तुझीही झाली असेल.

आता लिहितो. तू एक पिशवी घेऊन आडदिवशी आली होतीस. मनगटावर काळंनिळं होतं. तू म्हणालीस, मला तिथे राहायचं नाही. मी म्हटलं, संसारात भांडणं होतातच, चार दिवसांत विसरशील. तुझं मनगट मी बघितलं होतं, खारू. चोर पकडणारी माझी नजर, तिला ते दिसलं नसेल असं तुला वाटलं का? दिसलं होतं. लोक काय म्हणतील एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीत मीच तुला बसवलं. पिशवी वर ठेवली. खाली उतरलो तेव्हा तू खिडकीतून म्हणालीस, ‘बाबा, गाडी थांबवा ना.’ आईला मी त्या दिवशी सांगितलं की इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मी ऐकलं होतं. अगदी स्वच्छ ऐकलं होतं. कंडक्टर अजून खालीच कोणाशी तरी बोलत होता, गाडी आणखी दोन मिनिटं उभी राहिली असती. मी पायरीवर चढलो, घंटीच्या दोरीला हात घातला आणि दोन टोले दिले. दोन टोले म्हणजे गाडी सोडा. ते काम माझं नव्हतं. तू पुन्हा एकदा म्हणशील आणि मग मला थांबवावी लागेल, या भीतीनं मी ते केलं.

तू चोरून प्रवास केलास असं तुला लिहिलं, त्याबद्दल क्षमा माग म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. मी मागतो. पण ती लहान गोष्ट आहे, मोठी वर लिहिली आहे.

येत्या शनिवारी आई तुझ्याकडे येते आहे. तिची पिशवी जड आहे, म्हणून पुलापर्यंत मी सोबत जाईन, तिला बसमध्ये बसवेन आणि परत फिरेन. पुढे ये असं तू म्हणेपर्यंत मी पुलाच्या अलीकडे राहीन. तू काहीच बोलली नाहीस तरी आईला घेऊन दर दुसऱ्या शनिवारी तिथवर येत जाईन. गाडी आली नाही तर तिच्यासोबत थांबेन.

दोन टोले देणारा,
तुझा बाबा