पुठ्ठा मिलचा पर्यावरण विभाग, माणसं एक

१३ एप्रिल १९८७, सोमवार
आजपासून मी पर्यावरण अधिकारी. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सरकारचा नवा कायदा आलाय, मिलमध्ये या विषयाचा एक माणूस दाखवावा लागतो. वामनराव, तुमच्याकडे काय आहे सध्या? मी म्हणालो, स्टेशनरी. ते म्हणाले, मग झालं तर. बावीस वर्षांच्या नोकरीत माझी योग्यता ओळखणारा हा पहिला माणूस.
संकल्प: रोज पहाटे पाचला मिलभोवती फेरी. पर्यावरणावर वाचन. दोन महिन्यांत आमची पुठ्ठा मिल विदर्भात आदर्श.
कांताला सांगितलं. तिने विचारलं, मग आता टाचण्या कोण देणार? बायकोला दूरदृष्टी नाही.

१४ एप्रिल
सुट्टी. फेरी उद्यापासून.

१५ एप्रिल, सकाळी ९.१०
पहाटेची हवा मला मानवत नाही हे लक्षात आलं. फेरी संध्याकाळी.

१८ एप्रिल
मिलच्या मागच्या टाक्यांवर गेलो. धानाची तणीस चुन्यात शिजवून पुठ्ठा होतो. उरलेलं पाणी या टाक्यांत साफ करून नाल्यात सोडायचं, अशी योजना. नाला पुढे वैनगंगेला मिळतो. वास किंचित उग्र. रुमाल नाकाला लावूनच पाहणी केली.
टाक्यांवर हरिदास नावाचा ऑपरेटर आहे. तो म्हणाला, पाण्यात हवा घालणारी मोटर दिवाळीपासून बंद आहे जी. आधी साहेब लोक येणार असले का सुरू करत होतो, गेले का बंद. वीज लय खाते म्हणतेत.
मग म्हणतो कसा, "मोटर नाई चालली तं पाणी साफ कसं होईन जी?"
मी त्याला समजावलं की मोटर बंद म्हणजे विजेची बचत, आणि बचत म्हणजेच पर्यावरण. तो माझ्याकडे बघत राहिला. पटलं असावं.
टाक्यांना पाटी नाही, हा खरा दोष. रंगवायला दिली: 'जलशुद्धी केंद्र. शांतता राखा.'

२४ एप्रिल
माझ्या टेबलावर मेलेले मासे! नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्या टोलीतली, म्हणजे छोट्या वस्तीतली, बायनाबाई नावाची मासे विकणारी बाई टोपली घेऊन थेट आत आली आणि कायद्याच्या पुस्तकावर टोपली उपडी केली. पुस्तक मी अजून उघडलंही नव्हतं.
म्हणाली, "नाला काळा झाला जी. ढोरं तोंड नाई लावत. लेकरायच्या अंगाले खाज सुटली. मच्छी तं गेलीच."
मी तिला पर्यावरण म्हणजे काय ते पाऊण तास सांगितलं. निसर्गचक्र, समतोल, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, "तुमी पेता का हे पाणी?"
अडाणी माणसांशी बोलणं म्हणजे शक्तिपात. दुपारी झोप घेतली.

२५ एप्रिल
मात्र बाईच्या प्रश्नात एक कल्पना आहे. टाकीतलं पाणी सर्वांसमक्ष ग्लासभर पिऊन दाखवायचं! फोटोग्राफर बोलवायचा. ग्लासात अर्थातच कँटीनच्या माठातलं पाणी. तत्त्व महत्त्वाचं.

११ मे
पत्र आलं. ५ जूनला, पर्यावरण दिनी, नागपूरहून तीन जणांची तपासणी समिती येते आहे. मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, निश्चिंत राहा. ते म्हणाले, मी निश्चिंतच आहे, तुमची सही असते सगळीकडे. केवढा विश्वास!

१४ मे
वृक्षारोपण. सुबाभळीची चारशे रोपं. ऊन जरा होतं. दोन मजूर चक्कर येऊन बसले, मीही छत्रीखाली बसलो. हरिदास म्हणाला, मे महिन्यात कोणी झाडं लावतेत का जी? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

१९ मे
रोपांपैकी अर्धी वाळली, अर्धी बकऱ्यांनी खाल्ली. अहवालात लिहिलं: 'परिसरातील चाऱ्याचा प्रश्न सोडविण्यास मिलचा हातभार.'

२३ मे
हरिदास कागद घेऊन आला. रोजच्या पाण्याची नोंद त्याने स्वतः वहीत ठेवली आहे म्हणे, दिवाळीपासूनची. निदान समिती येण्याआधी आठ दिवस मोटर चालवा, बिघाड निघाला तर मी काढून देतो, या कागदावर फक्त तुमची सही पाहिजे, असा त्याचा हट्ट. टोलीत बायनाबाईची गाभण म्हैस मेली, हेही सांगितलं. नाल्यावर पाणी प्यायली होती.
मी विचारलं, म्हशीचं वय काय होतं? कागद 'किरकोळ' फायलीत लावला. जाताना म्हणाला, "म्हैस मेली साहेब, उद्या लेकरू मरन." माणूस कामसू आहे, पण स्वभावात कटुता.

३ जून
ग्लास पिण्याची रंगीत तालीम आरशासमोर तीनदा. शेवटचा घोट घेऊन मंद हसायचं. कांता म्हणाली, हसू नका, औषध प्यायल्यासारखं दिसतं.

५ जून, दुपारी ४
आजच्या दिवसाविषयी त्रोटकच लिहितो.
सकाळी सातला मोटर सुरू केली. सात वाजून चार मिनिटांनी तिच्यातून धूर आला. इतके महिने बंद होती म्हणून जाम झाली, हे हरिदासचं मत. माझ्या मते व्होल्टेज.
साडेदहाला समिती. अध्यक्ष म्हणून एक चष्मेवाल्या बाई. कँटीनमध्ये नाश्ता उत्तम झाला. मी चार जिलब्या घेतल्या. मग टाक्यांवर गेलो. भाषण चांगलं रंगलं होतं, ग्लास हातात घेणार एवढ्यात फाटकातून टोलीच्या तीसेक बाया आत. पुढे बायनाबाई. हातात पितळी गडवा, त्यात नाल्याचं पाणी, रंग कोऱ्या चहाचा.
ती म्हणाली, "तो ग्लास राहू द्या जी. हे प्या. तुमच्याच मिलचं हाये."
फोटोग्राफर तयार. समिती बघते आहे. वास गडव्याच्याही आधी पोचला होता. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, आज माझा निर्जळी उपवास आहे.
अध्यक्षबाईंनी माझ्या ओठाखाली लागलेल्या पाकाकडे पाहिलं.
बायनाबाई हसली नाही, हे मला विशेष खटकलं. गडवा माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "आमाले उपास नाई करता येत साहेब. आमाले रोज तहान लागते."
मग हरिदासने खिशातली वही काढली आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिली. मी त्याला खुणावलं. त्याने पाहिलं, पण वही दिलीच. मॅनेजरसाहेब म्हणाले, या विषयाचं सर्व काही वामनराव पाहतात, मला कल्पना नाही. त्यांनी माझं नाव एवढ्या मोठ्या माणसांसमोर प्रथमच घेतलं.

६ जून
डोकं दुखतंय. रजा.

१२ जून
आदेश आला. मोटर दुरुस्त होऊन पाणी साफ होईस्तोवर मिल बंद. टाक्यांचा ताबा हरिदासकडे. त्याच्या सहीशिवाय नाल्यात थेंब सोडायचा नाही. टोलीला रोज टँकरने पिण्याचं पाणी द्यायचं, सोबत मिलचा जबाबदार माणूस पाहिजे. मॅनेजरसाहेबांनी माझी निवड केली. माझी केबिनही रिकामी करून घेतली. फील्डवरच्या माणसाला केबिन कशाला?
कांताला सांगितलं, प्रत्यक्ष जनतेत काम करण्याची संधी आहे. ती म्हणाली, डोक्याला पंचा बांधून जा.

१५ जून
टँकर घेऊन टोलीत. सव्वा तास उशीर, ड्रायव्हरचा दोष. ऊन डोक्यावर. रांगेत पाण्याचे साठेक पितळी गुंड आणि बादल्या. मी उद्घाटनाचे चार शब्द बोलावेत म्हणून घसा खाकरला, कोणी वर पाहिलं नाही. एका बाईच्या कडेवर लहान पोर, अंगभर लाल फोड, खाजवून सोललेले. मी दुसरीकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.
पाइप धरला. पाणी जोरात आलं, निम्मं मातीत गेलं, माझ्या बुटांत गेलं.
बायनाबाई पुढे आली. तिने माझ्या हातातून पाइप काढून घेतला.
"सोडा जी पाणीवाले," ती म्हणाली, "सांडून राह्यलं."