नळाखालचं ताट

९ एप्रिल, शनिवार. लातूर

परवा निघायचं. अंदमान. हवापालट म्हणे. गल्लीत नळ येऊन पंधरवडा झाला आन् ह्यांना समुद्र बघायचाय.

बेत दिराचा. शिवा उदगीरला प्लॉटिंग करतो, ह्यांचं इथं पाण्याच्या मोटारी-टाक्यांचं दुकान. खर्च सगळा शिवाचाच. शिवा फुकटात कुणाला चहा पाजत न्हाई. काहीतरी शिजून राहिलंय.

माझ्या मेसच्या निम्म्या पोरी पाण्यापायी गावी परतल्या. उरल्यात त्यांची परीक्षा तोंडावर आलीय. त्यांना कोण बघणार? हे म्हणाले, "कमल हाय की." कमल हाय. मेसला माझ्या हाताखाली असते, सैपाक माझ्याइतकाच करते. पण नेमका नळ आला तर? दहादा सांगितलं तिला. नळ उघडाच ठेव, खाली ताट पालथं घाल, पाणी आलं की वाजतंय. मोरीला बोळा घाल, सांडलेलं संडासाला होतंय. कमल म्हणाली, "ताई, मी काय लंडनहून आले का?"

११ एप्रिल, सोमवार. हैदराबाद, विमानतळ

जाऊबाई सुनंदा घरातूनच गॉगल लावून निघाल्या. चाकाची नवी बॅग. माझ्या पिशवीतल्या धपाट्यांचा वास येतो म्हून नाकाला रुमाल. दोन तासांनी त्यातलेच धपाटे मागून खाल्ले.

हे लई गोड बोलून राहिले. "पाय दुखले का गं?" लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज विचारलं.

१२ एप्रिल, मंगळवार. बेट

विमान, मग बोट. सुनंदा बोटीत ओकली. मी बरी होते.

समुद्र चांगला हाय. लिहायची बी लाज वाटून राहिली, पण हाय. पाण्याला बूडच न्हाई. तळपाय बुडवून उभी राहिले तर ह्यांनी मोबाईलवर फोटो काढला. "हस की." हसले न्हाई.

नळ सोडला की पाणी. कधी बी सोडा. शिवानं तोंड धुताना चालूच ठेवला होता, मी जाऊन बंद केला. "वैनी, इथं तरी सुखानं राहू द्या!"

जेवायला जिकडं तिकडं मासळी. आमच्यासाठी भात आन् पातळ डाळ. शेंगाची चटणी होती म्हून तरले. शिवा मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर पाठ करून बसला होता. सकाळी कपाळाला विभूतीचे पट्टे आन् संध्याकाळी ताटात आख्खा मासा. मी बघितलं तर म्हणतो, "वैनी, उदगीरला गेल्यावर विषय काढू नका."

१३ एप्रिल, बुधवार

नारळपाणी. पोहणं. फोटो. जेवण. परत फोटो.

जेवणाच्या खोलीत टीव्ही. त्यावर लातूर! टँकरपुढं घागरींची रांग, दोन बाया एकमेकींच्या झिंज्या धरून. मी उठून जवळ गेले, कोण ओळखीचं दिसतंय का बघायला. शिवानं चॅनेल बदललं. "सुट्टीला आलोय." हे भजी खाऊन राहिले होते.

कमलला फोन. नळ न्हाई. उद्या जयंती. दरवर्षी मी तिला त्या दिवशी सुट्टी देते आन् तिच्या घरची खीर खायला जाते. ह्या वर्षी ती माझ्या गॅसपाशी अडकली, का तर मला हवापालट पायजे. म्हणाली, "पोरींना जेवू घालून सगळ्यांनाच मिरवणुकीला नेते, तुमी नका काळजी करू."

१५ एप्रिल, शुक्रवार. सकाळ

काल लिहिता आलं न्हाई.

दुपारी लाईट गेली. मोटर बंद, नळ कोरडा. हाताला सवय. नळ उघडा ठेवला, चहाचं स्टीलचं ताट खाली पालथं घातलं, मोरीला टॉवेलचा बोळा. हे सगळं करताना डोक्यात काहीच नव्हतं. घरी करते तसंच केलं.

मग मावळतीला चला, मावळतीला चला. इथं सूर्य साडेपाचलाच बुडायला लागतो. खुर्च्या मांडून बसवलं. लाल-पिवळं सगळं. सुनंदानं माझा हात हातात घेतला. तिथंच मी ओळखलं.

शिवा म्हणाला, "वैनी, उदगीर जिल्हा होणार. आज ना उद्या होणारच. हापिसं येतील, घरं उठतील, पाईप लागतील, टाक्या लागतील. लातूरला बोअर आटले, अण्णाच्या मोटारी कोण घेतंय? दुकान तिकडं हलवू."

"हलवा की. मी कुठं धरून ठेवलंय?"

"घर बी हलवायचं. लातूरचं घर रक्त तपासायच्या लॅबवाल्याला द्यायचं ठरलंय."

ठरलंय. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे सूर्याकडं बघून राहिले.

"आन् माझी मेस?"

सुनंदा म्हणाली, "अक्का, किती दिवस दुसऱ्याच्या पोरींची उष्टी काढायची? आराम करा आता."

उष्टी! मागच्या साली माझ्या हातचं खाऊन दोघी डॉक्टरीला लागल्या. पेढे घेऊन आधी माझ्याकडं आल्या, मग देवळात गेल्या. मला सगळी गल्ली मेसवाली मावशी म्हून ओळखते. उदगीरला मी कोण? शिवाची वैनी.

मी म्हणाले, "लातूर जिल्हा झाला तवा मी चौथीत होते. शाळेत बुंदी वाटली. त्यानं नळाला पाणी आलं का?" शिवा हसला. "वैनी बोलतात मोठ्या मजेशीर." बोकडाला हार घालून मिरवतात तसं मला इथं आणलं, आन् वर मीच मजेशीर.

परत आलो तर व्हरांड्यात पाणी. लाईट कधीच आली होती. ताट वाजलं असंल, ऐकायला कोण होतं? आमची खोली भरून दाराखालून सुनंदाच्या खोलीत. तिची चाकाची बॅग उघडीच जमिनीवर होती. रेशमी साडीचा रंग सगळ्या कपड्यांना लागला. ती किंचाळली. हे मॅनेजरसमोर, गड्यांसमोर माझ्यावर ओरडले, "अक्कल हाय का? गावंढळ! कुठं बी न्यायची सोय न्हाई तुला!"

मी खाली बसून फरशीवरचं पाणी मगानं बादलीत भरून राहिले होते. मॅनेजर म्हणाला, "छोड़िए अम्मा, बह जाएगा." त्यानं टॉवेल ओढला, गड्यांनी झाडूनं सगळं ढकललं. पायरीवरून वाळूत गेलं. माझ्या पोरींना आठ दिवस पुरलं असतं. मला रडू आवरंना. ह्यांना वाटलं साडीपायी रडते. म्हणाले, "राहू दे, घेऊन देऊ तिला दुसरी. ह्याच्यासाठीच म्हणतो, ते लातूर तुझ्या डोक्यातून गेलं पायजे."

रडले ते तेवढंच.

१६ एप्रिल, शनिवार

सुनंदा सकाळपासून फोनवर, "हाव ना, सगळी बॅग! नळ उघडा ठेवून गेली बाई!"

ह्यांनी नारळ आणून दिला. पिले. म्हून काय झालं?

मी विचारलं, "घर द्यायच्या आधी मला एका शब्दानं का न्हाई विचारलं?" म्हणाले, "तू न्हाई म्हणाली असतीस." वर म्हणाले, "ट्रक सांगितलाय. पुढच्या रविवारी." म्हणजे निघायच्या आधीच सांगितला होता. पाय दुखले का म्हून विचारलं तवा बी.

१८ एप्रिल, सोमवार. लातूर

घर. नळ न्हाई आला. ताट नळाखाली जागेवर होतं. पोरी पायात आल्या. "मावशी, समुद्राचं पाणी आणलं का?" त्यांना काही सांगितलं न्हाई. कमलला सांगितलं. ती पीठ मळायची थांबली. "पोरींची परीक्षा होईस्तोवर तरी?"

ह्यांनी संध्याकाळी दुकानातल्या काळ्या टाक्या अंगणात आणून रचल्या. ट्रकात चढवायला सोप्या. रिकामी टाकी, ह्यांच्या एका हातानं उचलली जाते.

२१ एप्रिल, गुरुवार

पोहे करून राहिले होते. ताट वाजलं!

पोरी पुस्तकं टाकून धावल्या. घागरी, बादल्या, ड्रम भरले. मेसची पातेली भरली. कुकर, परात, पाणी तापवायचा बंब भरला. नळ चालूच. असा आला न्हाई कधी ह्या साली. कमल म्हणाली, "ताई, आता भांडंच न्हाई." मी अंगणात बघितलं. ह्यांच्या टाक्या.

पाईप लावला. एकेक करून सगळ्या भरल्या. पोरी टाळ्या वाजवून राहिल्या. त्यांना काय ठाऊक?

हे जेवायला आले. अंगणातच थांबले. टाकीला हात लावून बघितला, मग टक टक वाजवली. भरलेली.

"हे काय केलंस?"

"नळ आला, भरलं."

"रविवारी ट्रक येतोय."

"येऊ दे. ओता आन् न्या. गल्लीसमोर ओता."

टाकीच्या तोटीवर हात ठेवला ह्यांनी. शेजारची म्हातारी कुंपणाला घागर लावून उभीच होती, बघून राहिली. ह्यांनी हात काढला. जेवले न्हाईत, दुकानात गेले.

२४ एप्रिल, रविवार

ट्रक आलाय. दारात उभा हाय. शिवा दोनदा फोनवर ओरडला, "अण्णा, ओतून टाक ना!" ह्यांनी फोन कट केला. मला वाटलं नव्हतं.

दुकानच्या मोटारी, पाईप चढले. कपाट चढलं. टाक्या तशाच.

हे आत आले. मी पोरींच्या भाकरी थापून राहिले होते. ह्यांनी विचारलं, "किती दिवस पुरंल हे?"

"परीक्षेपुरतं."

"आन् मग?"

"नळ उघडाच हाय."

हे बाजेवर बसले. ड्रायव्हर बाहेर हॉर्न मारून राहिलाय. मी ताट वाढून पुढं ठेवलंय. ह्यांनी अजून हात लावला न्हाई.